दिवा म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात जास्त: एका हेडरचं प्रकरण

एप्रिलातली दुपार होती. गाडी गेटातून आत यायच्या आधी तिचा वास आत आला. कच्च्या पेट्रोलचा, डोळ्यांना झोंबणारा. पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा चोक ओढलेलाच राहिला की असा वास यायचा. इंजेक्शनच्या गाडीला असा वास येतो तेव्हा काहीतरी नीटच बिघडलेलं असतं.

गाडी म्हणजे चार सिलिंडरची १.२ लीटर पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची, एक्क्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली. मालकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, मोहोळकडे थोडा ऊस आहे. गाडी चालवतो मात्र त्यांचा धाकटा मुलगा. दोघंही सोबत आले होते आणि दोघांचं निदान आधीच ठरलेलं होतं.

"भाऊ, गाडी पेट्रोल पिऊन सोडायलीय. शहरात पंधरा-सोळा द्यायची, आता बारासुद्धा पडंना. सगळं त्या इथेनॉलमुळं हुतंय," मालक म्हणाले. ज्याच्या शेतातला ऊस कारखान्याला जातो त्यानंच इथेनॉलला शिव्या घालाव्यात, हे सोलापुरात मला आता नवं राहिलेलं नाही. मुलाचं म्हणणं वेगळं: "इथेनॉल नाही, सेन्सर खराब हायेत. दोन बदलले, दोन्ही डुप्लिकेट निघाले."

हळूहळू खरा इतिहास बाहेर आला. डिसेंबरात मुलानं बाहेरगावच्या एका गॅरेजात मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून बाहेर नेणारा ओतीव भाग, काढून त्या जागी चार-दोन-एक पद्धतीचा, वेगवेगळ्या पाइपांचा स्टेनलेस स्टीलचा हेडर बसवून घेतला होता. आवाज छान झाला. दहा दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. पहिल्या मिस्त्रीनं थ्रॉटल बॉडी साफ केली, इनटेकचं गॅस्केट बदललं. दुसऱ्यानं इंजेक्टर धुतले आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. दिवा गेला नाही म्हणून महिन्याभरात आणखी एक सेन्सर टाकला. तिसऱ्यानं सांगितलं की हेडर बसवला की ट्यूनिंग करावंच लागतं, आणि ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरात, नवी फाइल टाकून दिली. दिवा विझला. तीन आठवडे घरात शांतता. मग वास सुरू झाला, सिग्नलला गाडी हुंदके देऊ लागली, आणि चार हजार आरपीएमच्या पुढं, जिथं हेडरनं जोर द्यायला हवा तिथंच, ती मेल्यासारखी ओढू लागली.

"हेडर लावल्यावर ट्यूनिंग करावंच लागतं" हे वाक्य चुकीचं नाही. कधी करायचं, हे त्यात कुठंच सांगितलेलं नसतं, आणि या गाडीचे चार महिने तिथंच गेले.

पहिला तास: स्कॅनर आणि प्लग

स्कॅनर लावला. पी ०१७१ हा कोड पेंडिंग होता. त्याचा अर्थ मिश्रण फार लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. पी ०१३५ हा सेन्सरच्या हीटरचा कोड मागच्या यादीत पडून होता. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक १८, शॉर्ट टर्म ४ ते ७ मध्ये हेलकावत. २५०० आरपीएमला धरली तर लाँग टर्म अधिक ३ वर आला. मुलाच्या मोबाइलमध्ये जानेवारीतला, फाइल टाकण्यापूर्वीचा, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो होता. त्यात लाँग टर्म अधिक २५. पोरानं तो फोटो जपून ठेवला नसता तर पुढचा हिशेब जुळलाच नसता.

ज्यांना ट्रिम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईसीयूकडं पेट्रोल किती सोडायचं याचा एक तक्ता असतो. तक्त्याप्रमाणं पेट्रोल सोडल्यावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर धूर चाखून 'ऑक्सिजन उरलाय' किंवा 'उरला नाही' एवढंच सांगतो, आणि ईसीयू त्याप्रमाणं पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. त्या क्षणाची दुरुस्ती शॉर्ट टर्म. तीच दुरुस्ती वारंवार लागायला लागली की ती लाँग टर्ममध्ये मुरते. अधिक १८ म्हणजे तक्ता सांगतो त्यापेक्षा अठरा टक्के पेट्रोल जास्त जातंय, कारण सेन्सर सारखा 'उरलाय, उरलाय' म्हणतोय.

मग प्लग काढले. चारही काजळीनं काळे, कोरडे, मखमलीसारखे. मालकांच्या तळहातावर एक ठेवला. बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

आता दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. सेन्सर म्हणतो पेट्रोल कमी आहे, प्लग म्हणतात जास्त आहे. आधीच्या तिन्ही मिस्त्र्यांनी सेन्सरच्या बाजूनं निकाल दिला होता, कारण त्याचं म्हणणं पडद्यावर आकड्यांत येतं. आकड्यावर विश्वास ठेवायची सवय आपल्या धंद्यात स्कॅनर आल्यापासून फार वाढली आहे. मीही त्यातून सुटलेलो नाही. मागं एकदा अशाच पी ०१७१ पायी मी एका गिऱ्हाइकाचा चांगला फ्युएल पंप बदलला होता.

आयडलला ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर कमी, हा नमुना पाहिला की कुणालाही इनटेककडून हवा ओढली जात असल्याचा संशय येतो. पहिल्या मिस्त्रीनं इनटेकचं गॅस्केट बदललं ते याच कारणानं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तिथं एक फरक आहे. इनटेकमधून चोरटी हवा येत असेल तर ईसीयू वाढवतो ते पेट्रोल त्या हवेबरोबर सिलिंडरात जळतं. ट्रिम अधिक दिसतो, पण प्रत्यक्ष मिश्रण जागेवर येतं, प्लग विटकरी-करडे राहतात, धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ठीक असतो. हवा एक्झॉस्टमध्ये शिरत असेल तर ती सिलिंडरात जातच नाही. ती फक्त सेन्सरला भेटते. ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो, ते जाळायला हवा नसते, आणि प्लग काळे होतात. स्कॅनरवर दोन्ही आजार सारखेच दिसतात.

इनटेकमध्ये धूर सोडून खात्री केली. कुठूनही धूर बाहेर आला नाही.

पीयूसीच्या मशीनवर

जवळच्या पीयूसी सेंटरवर चार वायूंचं मशीन आहे. तिथला माणूस ओळखीचा, गर्दी नसताना गाडी नेली. आयडलला सीओ ५.६ टक्के, सीओटू ८.४, ऑक्सिजन २.६, एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ४३० पीपीएम. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलला सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे. मशीनवाला माझ्याकडं बघून हसला आणि पावती छापायच्या भानगडीत पडला नाही.

या चार आकड्यांत निदान होतं. सीओ साडेपाचच्या वर म्हणजे मिश्रण अगदी रिच, हवेच्या मानानं पेट्रोल फार जास्त. अशा मिश्रणात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असायला हवा, मग हा २.६ टक्के आला कुठून? मिसफायर होत असता तर न जळलेलं पेट्रोल बाहेर पडून एचसी हजारांत गेला असता. दुसरी खूण बेरजेची. सीओ आणि सीओटू मिळून रिच मिश्रणात १५ च्या वर भरायला हवेत. इथं १४. म्हणजे जळून झालेल्या वायूत नंतर कुणीतरी पाणी, म्हणजे हवा, घातलेली आहे. दुधाचं फॅट तपासून पाणी ओळखतात तसलाच हा प्रकार. मशीननं स्वतःहून लॅम्डा, म्हणजे मिश्रणाचा आकडा (१ म्हणजे नेमकं, त्याखाली रिच), ०.९२ छापला होता, पण तो धरायचा नाही. तो हिशेब ऑक्सिजनसकट होतो, त्यामुळं चोरटी हवा त्यालाही फसवते. इंजिन त्याहून बरंच रिच चाललेलं होतं.

सेन्सरची वकिली इथं करायला हवी. मुलगा म्हणत होता सेन्सर डुप्लिकेट. झिर्कोनियाचा हा सेन्सर आतल्या बाजूची स्वच्छ हवा आणि बाहेरचा धूर यांतल्या ऑक्सिजनचा फरक व्होल्टमध्ये सांगतो. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, उरला नसेल तर ०.८-०.९, आणि मधला उंबरठा ०.४५. त्याला पेट्रोल कळत नाही. तो ऑक्सिजन सिलिंडरातून उरून आला की भेगेतून शिरला, हेही त्याला कळायचं कारण नाही. त्याच्या नाकापाशी आहे ते तो सांगतो. बदललेले दोन्ही सेन्सर खरं बोलत होते, निदान सुरुवातीला तरी.

हेडर खाली काढल्यावर

व्हॅक्युम क्लीनरची नळी उलटी लावून सायलेन्सरमधून हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. चार नंबरच्या सिलिंडरपाशी, हेडरच्या पट्टीच्या टोकाला, फेसाचे बुडबुडे आले. एक नंबरलाही थोडे. मधल्या दोन ठिकाणी काहीच नाही.

हेडर काढला, पट्टीवर स्ट्रेट एज ठेवली. मध्यभागी टेकते, दोन्ही टोकांना उजेड दिसतो. चार नंबरपाशी फिलर गेजची ०.४ मिलीमीटरची पाती सहज शिरली. पट्टी पातळ कापलेली, त्यावर चार पाइप वेल्ड केलेले. वेल्ड थंड होताना आकसतं आणि ते पाइपांच्या बाजूला असल्यामुळं पट्टीची टोकं पाइपांकडं ओढली जातात. वेल्डिंगनंतर पट्टीवर फेसिंग मारायचं, म्हणजे मशीनवर तासून ती सपाट करायची असते, ते यासाठीच. इथं मारलेलं नव्हतं. त्याऐवजी जुनंच गॅस्केट परत बसवून वरून लाल सिलिकॉन सीलंट थापलेला होता.

एवढ्या फटीतून हवा आत कशी जाईल, धूर बाहेर नाही का येणार, हा प्रश्न मालकांनी विचारला आणि तो रास्त होता. धूर बाहेर येतोच, थंड गाडी सुरू केल्यावर टिक-टिक असा आवाज येतो तो त्याचाच. पण एक्झॉस्ट नळासारखा सलग वाहत नाही. तो ठोक्यांनी येतो. प्रत्येक ठोक्याच्या मागं दाब वातावरणाच्या खाली जातो आणि त्या क्षणी फट बाहेरची हवा आत ओढते. मालकांना यंत्रमागाच्या धोट्याचं उदाहरण दिलं. धोटा एका बाजूला गेला की लगेच परत येतो, तसा पाइपातला वायू पुढं धक्का मारतो आणि मागं खेचतो. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळलं. ७५० आरपीएमच्या आयडलला चार सिलिंडरांचे मिळून सेकंदाला २५ ठोके पडतात. दोन ठोक्यांमध्ये खेचायला भरपूर वेळ मिळतो. आरपीएम वाढले की ठोके जवळ येतात, प्रवाह भरतो आणि खेचलेल्या हवेचा वाटा कमी होतो. ट्रिम आयडलला १८ आणि २५०० ला ३ का होता, त्याचं उत्तर हेच.

गंमत म्हणजे चांगला हेडर याच मागं खेचण्यावर जगतो. पाइपांची लांबी अशी ठेवतात की एका ठराविक आरपीएमला खेचणारी लाट नेमकी व्हॉल्व्ह उघडा असताना सिलिंडरपाशी परत यावी आणि उरलासुरला धूर ओढून काढावा. त्यामुळं हेडर जितका चांगला तितकी गळती त्याला जास्त बाधते. मूळ ओतीव मॅनिफोल्डला एवढं नाजूक वागावं लागत नाही.

दुसरी चूक मला फटीपेक्षा मोठी वाटते. सेन्सर कुठं बसवला होता? चार-दोन-एक हेडरमध्ये एक आणि चार नंबरचे पाइप मिळून एक, दोन आणि तीनचे मिळून दुसरा, आणि हे दोन पुढं कलेक्टरमध्ये एक होतात. सेन्सरचा आटे असलेला नट एक-चारच्या पाइपावर वेल्ड केलेला होता. म्हणजे सेन्सर चारपैकी दोनच सिलिंडरांचा धूर चाखत होता, आणि ते दोन नेमके फटीवाले. त्यांच्या पाइपात आयडलला सेकंदाला साडेबारा ठोकेच पडतात, म्हणजे खेचायला आणखी सवड. ईसीयूला हे काही माहीत नाही. तो एकाच सेन्सरच्या भरवशावर चारही इंजेक्टरांचं पेट्रोल एकदम वाढवतो. दोन आणि तीन नंबरचा काही अपराध नसताना त्यांचेही प्लग काळे होते ते यामुळं. तिथं बसवायचं कारण विचारलं तर मुलगा म्हणाला, मूळ वायर तेवढीच पोचत होती.

खरं तर तीही पोचत नव्हती. वायर वाढवली होती, डाग देऊन, वर टेप गुंडाळून. टेप हेडरच्या उष्णतेनं वितळली होती आणि हीटरच्या एकसारख्या रंगाच्या दोन वायरींपैकी एक उघडी पडली होती. जुना पी ०१३५ तिथून आलेला. या वायरींना डाग देऊ नये याला आणखी एक कारण आहे. अशा बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी स्वच्छ हवा वायरीच्या आतूनच, तारांच्या मधल्या पोकळीतून मिळते. शिसं-कथिल तिथं वितळून बसलं की सेन्सरचा श्वास बंद. वाढवायचीच असेल तर क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोड उष्णतेपासून लांब ठेवून वाढवायची.

सेन्सर काढला तर त्याच्या टोकावर पांढरट थर होता. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर असा थर धरते आणि मग तो मंद होतो. म्हणजे दुसरा सेन्सर बसवला तेव्हा चांगला असेलही, पण थापलेल्या सीलंटनं त्याला तीन महिन्यांत मारला होता. मुलानं तो पांढरा थर पाहिला आणि 'डुप्लिकेट' हा शब्द पुन्हा काढला नाही.

मूळ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा डबा, मॅनिफोल्डलाच जोडलेला होता. हेडर लावताना तो गेला. मागचा सेन्सर, ज्याचं काम कन्व्हर्टरवर नजर ठेवणं, एका लांब नळकांड्यावर उंच बसवून धुरापासून लांब ठेवला होता, म्हणजे त्यानं पी ०४२० ची, कन्व्हर्टर काम करत नसल्याची, तक्रार करू नये. पहारेकऱ्याला खुर्ची देऊन भिंतीकडं तोंड करून बसवल्यासारखं.

दुरुस्ती, आणि एक मुद्दाम केलेला उशीर

मुलाला हेडर हवाच होता, म्हणून आधी तो नीट करायचा ठरला. लेथवाल्याकडून पट्टीवर फेसिंग मारून घेतलं. नवं थरांचं स्टील गॅस्केट, नवे नट, मधून बाहेर अशा क्रमानं कसले, एकदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा तपासले. सीलंट कुठंही नाही. सेन्सरचा जुना नट कापून भोक बुजवलं आणि नवा नट कलेक्टरच्या पुढं, चारही धूर मिसळतात तिथं बसवला. आडव्यापेक्षा किमान १० अंश वर, टोक खाली झुकलेलं, नाहीतर थंड पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या झिर्कोनियावर उडतं आणि तो तडकतो. नवा सेन्सर ४५ न्यूटन-मीटरला कसला. त्याच्या आट्यांना कंपनीची पेस्ट असतेच, वरून दुसरं काही लावलं नाही.

कलेक्टरची जागा फुकट मिळत नाही. सेन्सर इंजिनपासून लांब गेला, धूर तिथं थंड होऊन पोचतो. झिर्कोनियाला काम सुरू करायला साधारण ३०० अंशांच्या वर तापावं लागतं. हीटर असतो, तरी सकाळी गाडी सुरू केल्यापासून ईसीयूनं सेन्सरचं ऐकायला सुरुवात करेपर्यंत सव्वा मिनिट गेलं. मूळ मॅनिफोल्डवर ते अर्ध्या मिनिटात व्हायचं. तेवढा वेळ इंजिन नुसत्या तक्त्यावर, जरा रिच चालतं. एप्रिलातलं सोलापूर असूनही.

आता तो उशीर. ट्रिम पुसून गाडी पुन्हा शिकवायला घेतली, पण नवी फाइल मुद्दाम तशीच ठेवली. मुलगा म्हणत होता आता सगळं एकदम मूळ करून टाका. मला आधी बघायचं होतं की त्या फाइलमध्ये नेमकं काय केलंय. दोन दिवस, साधारण दीडशे किलोमीटरनंतर लाँग टर्म उणे ७ वर स्थिरावला. मग ईसीयूत मूळ फाइल परत टाकली. पुन्हा तेवढंच चालवल्यावर लाँग टर्म अधिक ४ ते ५.

दोन आकड्यांतलं अंतर सुमारे १२ टक्के. तिसऱ्या मिस्त्रीनं जानेवारीत अधिक २५ चा ट्रिम पाहिला होता, आणि 'हेडरमुळं हवा जास्त जायला लागली, पेट्रोल कमी पडतंय' असा अर्थ लावून तक्त्यातच बारा टक्के पेट्रोल वाढवून टाकलं होतं. ट्रिम मर्यादेच्या आत आला, दिवा विझला. फटीनं सांगितलेलं खोटं त्यानं कायमचं तक्त्यात लिहून ठेवलं. गॅस्केट आणखी जळालं, फट वाढली, तेव्हा तक्त्यातल्या बारावर ट्रिमचे अठरा चढले. फुल थ्रॉटलला तर हे फारच महागात पडतं. तिथं बरेच ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं थांबवतात, तक्ता मुळातच रिच असतो आणि शिकलेला लाँग टर्म त्यावर तसाच लागू होतो. रिचवर रिच. चार हजारांच्या पुढं गाडी मेलेली वाटायची ती यामुळं. मुलगा महिनाभर ज्याला हेडरचा दोष समजत होता तो पेट्रोलात बुडालेल्या इंजिनाचा होता.

उरलेल्या अधिक ४-५ चं काय? इथं मालकांचं म्हणणं थोडं खरं निघालं. शुद्ध पेट्रोलला पुरं जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १४.१, वीस टक्क्यांच्या पेट्रोलला सुमारे १३.५. इथेनॉलमध्ये वजनाच्या ३५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते, आणि तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. १४.१ वरून १३.५ म्हणजे चार-साडेचार टक्के. २०१६ ची गाडी, तिचा तक्ता जुन्या पेट्रोलसाठी लिहिलेला, म्हणून ट्रिम नेमका तेवढा वर. हा आजार नाही, ट्रिम याच कामासाठी असतो. पण ॲव्हरेज पावणेसोळावरून साडेअकरावर आलं त्यातला मोठा वाटा इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

शेवटी वाइडबँड सेन्सर लावून तुळजापूर रस्त्यावर, घाटाच्या अलीकडच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन पाहिलं. नेहमीचा सेन्सर फक्त उंबरठ्याची कोणती बाजू ते सांगतो, किती आत किती बाहेर ते वाइडबँडच सांगतो. मूळ फाइलवर ४५०० आरपीएमला लॅम्डा ०.९१. मला तिथं ०.८८ आवडलं असतं, म्हणजे हेडर त्या भागात थोडी जास्त हवा खरंच ओढत होता. ट्यूनिंग करायचंच असतं तर ते इथून, या आकड्यापासून सुरू करायचं, आणि तेही वरच्या आरपीएमला दोन-तीन टक्क्यांचं. सरसकट बाराचं नाही. जोर किती वाढला हे सांगणार नाही, कारण गाडी डायनोवर, म्हणजे जोर मोजायच्या मशीनवर, चढवली नाही. मुलाला वाढल्यासारखा वाटत होता, मलाही थोडा वाटला, पण कान आणि पाठ या दोन गोष्टींवर हॉर्सपॉवर मोजायची नसते.

मालकांचा निर्णय

तांत्रिक बाजू इथं संपली होती, प्रकरण नाही. हेडर आता नीट चालत होता, पण कन्व्हर्टरशिवाय. पीयूसीला पुन्हा नेली. सीओ ०.७. इंजिन अगदी बरोबर चालत असतानाही मर्यादेच्या दुपटीहून जास्त, कारण ०.३ पर्यंत आणायचं काम कन्व्हर्टरचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, शिवाय तुरुंगाचीही तरतूद आहे. मी दोघांना समोर बसवून एवढंच सांगितलं, आणि एक जुनी गोष्ट जोडली. १ एप्रिल २०१० ला देशातल्या ज्या १३ शहरांत बीएस-४ आधी लागू झालं त्यांत दिल्ली-मुंबई-पुण्याच्या ओळीत सोलापूर होतं. मालकांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांना त्याचा बराच अभिमान वाटला असावा, कारण त्यांनी लगेच मुलाला विचारलं, "जुनं कुठं हाय?"

जुना मॅनिफोल्ड, कन्व्हर्टरसकट, घराच्या माळ्यावर एका फाटक्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियममुळं भंगारात त्याला भाव येतो, म्हणून बाहेरगावच्या गॅरेजवाल्यानं तो मागितला होता. मुलानं दिला नाही, हे त्याच्या शहाणपणाच्या खात्यावर.

मूळ मॅनिफोल्ड, मूळ फाइल, नवा पुढचा सेन्सर मूळ जागी. हीटरच्या वायरीचा जोड कापून मूळ लांबीवर क्रिंप केला. चार दिवसांनी लाँग टर्म अधिक ४, आयडलला सीओ ०.१ आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य. प्लग नवे टाकले होते, ते हजार किलोमीटरनंतर काढून पाहिले तर फिकट विटकरी. फेसिंग मारलेला हेडर माझ्या दुकानाच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला आहे. मुलगा होटगी रोडनं जाताना अधूनमधून थांबतो, त्याच्याकडं बघतो, चहा पितो आणि जातो.

मेच्या शेवटी मालकांचा फोन आला. टाकी पूर्ण भरून पूर्ण भरेपर्यंतचा हिशेब त्यांनी स्वतः वहीत लिहिला होता.

"भाऊ, शहरात साडेपंधरा पडलं. पण बघा, इथेनॉल नसतं तर सतरा पडलं असतं."

"साडेसोळा," मी म्हणालो.